सॉफ्टवेअर सिंथेसायझर बनवायचाय? आधी वाद्य ठरवा, मग प्लगिन फ्रेमवर्क निवडा



आजचा पाठ नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. आपल्या हाताखालून गेलेली मुलं पुढे डिप्लोमाला, बारावीला, इंजिनिअरिंगला जातात. त्यातल्या काहींना कोडिंगही आवडतं आणि पेटी-तबलाही. मग एक दिवस ती म्हणतात, "मॅडम, मला कॉम्प्युटरवर स्वतःचं वाद्य बनवायचंय." हे ऐकून आपल्याला आनंद होतो, पण पुढे काय सांगायचं ते कळत नाही. पालक तर अजूनच गोंधळतात. नवा लॅपटॉप घ्यावा का? क्लास लावावा का?

होतं काय की मूल इंटरनेटवर शोधतं, सगळ्यात प्रसिद्ध नाव सापडतं, ते डाउनलोड करतं. त्यासोबत काही जीबीचं आणखी एक सॉफ्टवेअर लागतं. पंधरा दिवस सेटिंग करण्यात जातात आणि कॉम्प्युटरमधून एक साधा 'सा' सुद्धा निघत नाही. मग "मला हे जमणार नाही" म्हणून विषय बंद. मुलात काही कमी नसतं, फक्त निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. तो क्रम सरळ कसा करायचा, हे आज पाहूया.

या पाठातून काय शिकायचं?

१. प्लगिन, फॉरमॅट आणि फ्रेमवर्क यांतला फरक सांगता येणे.
२. प्रमुख फ्रेमवर्कची ओळख होणे.
३. पाच प्रश्न विचारून योग्य निवड करता येणे.
४. आपल्या संगीतासाठी कोणती वेगळी काळजी घ्यावी लागते, ते समजणे.

१) आधी शब्द समजून घेऊ

सिंथेसायझर म्हणजे आवाज रेकॉर्ड न करता तो तयार करणारं वाद्य. हेच काम कॉम्प्युटरचा प्रोग्राम करतो तेव्हा त्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात. कॉम्प्युटरने संगीत निर्माण करण्याची सुरुवात जुनी आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी त्यासाठी 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला. १९८३ मध्ये मिडी ही पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९९६ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी आणलं आणि प्लगिनचं युग सुरू झालं.

आता प्लगिन म्हणजे काय? घरातला मिक्सर डोळ्यांसमोर आणा. खाली मोटर, वर भांडं. चटणीचं भांडं वेगळं, ज्यूसचं वेगळं, मोटर मात्र एकच. गाणी रेकॉर्ड करण्याचं मोठं सॉफ्टवेअर ही झाली मोटर, त्याला होस्ट म्हणतात. आपला सिंथेसायझर हे झालं भांडं, म्हणजे प्लगिन. भांड्याच्या तळाचा कपलर मोटरला बसला तरच ते फिरतं. हा कपलर म्हणजे फॉरमॅट.

एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरला बसत नाही, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. इथेही तसंच आहे:

• व्हीएसटी-३ : सगळ्यात जास्त चालणारा. क्यूबेस, रीपर, एबल्टन लाइव्ह असे बरेच होस्ट तो घेतात.
• ऑडिओ युनिट : अ‍ॅपलचा. गॅरेजबँड आणि लॉजिक यांना हाच लागतो.
• एएएक्स : प्रो टूल्स या स्टुडिओ सॉफ्टवेअरसाठी.
• एलव्ही-२ : मुख्यतः लिनक्सच्या जगातला.
• क्लॅप : यू-ही आणि बिटविग या कंपन्यांनी २०२२ मध्ये आणलेला, एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुला.

मग फ्रेमवर्क कुठे आलं? प्रत्येक फॉरमॅटसाठी वेगळा तळ घडवत बसलो तर आयुष्य त्यातच जाईल. फ्रेमवर्क म्हणजे असा साचा, जो एकाच भांड्याला हवा तो कपलर बसवून देतो. खिडकी दाखवणं, बटणं फिरवणं, सेटिंग जपून ठेवणं हीही कामं तो करतो. पण भांड्यात काय वाटायचं, ते मात्र आपल्यालाच ठरवायचंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२) आत नेमकं काय चालतं?

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण निवड कळण्यासाठी गरजेचा आहे बरं का.

कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. साधारणपणे एका सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात. होस्ट ते एकेक करून मागत नाही, गठ्ठ्याने मागतो. समजा गठ्ठा २५६ आकड्यांचा आहे. २५६ ला ४४,१०० ने भागा. उत्तर येतं सुमारे ०.००५८ सेकंद, म्हणजे सहा मिलिसेकंदांपेक्षाही कमी. एवढ्या वेळात २५६ आकडे तयार करून द्यायचे. उशीर झाला की कानाला 'टक्' असा खटका ऐकू येतो. पुन्हा लगेच पुढचा गठ्ठा.

गठ्ठा मोठा केला तर कॉम्प्युटरला उसंत मिळते, पण मग पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि वाजवणाऱ्याचा हात अडखळतो. म्हणून या कामात मधेच फाइल उघडणं, नवीन मेमरी मागणं, दुसऱ्या कामासाठी थांबून राहणं हे सगळं वर्ज्य असतं. पायथॉनसारख्या मुलांच्या ओळखीच्या भाषा इथे सहसा न वापरता सी प्लस प्लस किंवा रस्ट वापरतात, त्याचं कारण हेच.

३) प्रमुख फ्रेमवर्कची ओळख

जूस. ज्युलियन स्टोरर यांनी सुरू केलेलं, २००४ पासूनचं. भाषा सी प्लस प्लस. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, व्हीएसटी-३, ऑडिओ युनिट, एएएक्स, एलव्ही-२ असे बरेच कपलर बसवून देतं. उदाहरणं आणि ट्युटोरियल भरपूर. अडचण एवढीच की पसारा मोठा आहे. नवख्याला आधी जूस शिकावं लागतं, आवाज नंतर.

आयप्लग-टू. हेही सी प्लस प्लसचं, पण आटोपशीर. परवाना अतिशय मोकळा, विकायचं असेल तरी पैसे मागत नाही. विंडोज-मॅकवर भर, शिवाय ब्राउझरसाठीही बनवता येतं. मार्गदर्शक साहित्य जूसपेक्षा कमी.

डीपीएफ. लिनक्सवाल्यांचं आवडतं, छोटं आणि मोकळ्या परवान्याचं. एलव्ही-२, व्हीएसटी-३, क्लॅप तिन्ही देतं.

निह-प्लग. रस्ट भाषेतलं. व्हीएसटी-३ आणि क्लॅप देतं. रस्ट आधीच येत असेल तर छान. दोन्ही एकदम शिकायला घेऊ नये.

फाउस्ट. ही खरं तर आवाजासाठीच केलेली एक छोटी भाषा. फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या ग्रामे या संस्थेत २००२ मध्ये तिचा जन्म झाला. हिचं वैशिष्ट्य असं की काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये दोन-चार ओळी लिहिल्या की लगेच आवाज ऐकू येतो. नंतर तेच लिखाण प्लगिनमध्ये किंवा जूसच्या प्रकल्पात बदलून घेता येतं.

वेब ऑडिओ. हे प्लगिन फ्रेमवर्क नाही, ब्राउझरमध्येच असलेली सोय आहे. तरी यादीत घेतलंय, कारण हे मोबाइलवर चालतं.

४) निवडीचे पाच प्रश्न, याच क्रमाने

प्रश्न पहिला : हे वाद्य कोण वाजवणार आणि कशावर?

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा प्रश्न. वर सांगितलेले कॉम्प्युटरवरचे प्लगिन अँड्रॉइड मोबाइलवर चालत नाहीत. आपल्या गावातल्या घरी लॅपटॉप नसतो, मोबाइल असतो. मुलाने सहा महिने राबून व्हीएसटी बनवलं आणि बहिणीला, आईला, मित्राला ते वाजवताच आलं नाही, तर त्याचं कौतुक कोण करणार? वाद्य परिपाठात किंवा घरात वाजायचं असेल तर ब्राउझरवाला मार्ग उत्तम. स्टुडिओत काम करणाऱ्या कलाकारांसाठी असेल तर प्लगिनच हवा. ज्याच्यासाठी बनवायचं तो गॅरेजबँड वापरत असेल तर ऑडिओ युनिट लागेल, हेही आधीच विचारून घ्या.

प्रश्न दुसरा : मुलाला कोणती भाषा येते?

सी प्लस प्लस कॉलेजात झालं असेल तर जूस किंवा आयप्लग-टू. जावास्क्रिप्टची ओळख असेल तर वेब ऑडिओ. काहीच येत नसेल तर फाउस्ट. एका वेळी एकच नवी गोष्ट, हा आपला वर्गातलाच नियम आहे.

प्रश्न तिसरा : फुकट वाटायचं की विकायचं?

इथे परवान्याचा मुद्दा येतो. पालकांनी हा भाग नीट वाचावा. 'डाउनलोड फुकट' आणि 'वापर मोकळा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ मध्ये आलेली जूसची आठवी आवृत्ती दोन प्रकारे मिळते. एक तर एजीपीएल परवान्याखाली, म्हणजे आपलं वाद्य लोकांना देताना त्याचा पूर्ण कोडही खुला करायचा. नाहीतर कंपनीच्या करारावर. त्यात कमी उत्पन्न असणाऱ्याला फुकट आणि त्यापुढे पैसे अशी रचना आहे. वाद्य विकायचं असेल तर चालू आवृत्तीचा करार आधी वाचा.

फॉरमॅटचंही तसंच. व्हीएसटीची जुनी दुसरी आवृत्ती स्टाइनबर्गने २०१८ मध्ये नव्या मंडळींसाठी बंद केली. त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून त्या वाटेने जाऊ नये. व्हीएसटी-३ मात्र २०२५ मध्ये एमआयटी परवान्याखाली मोकळं झालं. नियम असे बदलत राहतात, म्हणून लेखाची तारीख पाहायची सवय मुलांना लावा.

शाळेसाठी, शिकण्यासाठी बनवत असाल तर कोड खुला ठेवायला काहीच हरकत नाही. उलट दुसऱ्या मुलांना त्यातून शिकता येतं. सर्ज एक्सटी, व्हायटल, डेक्स्ड या नामांकित सिंथेसायझरचा कोड असाच खुला आहे आणि तिघांतही जूस वापरलंय. डेक्स्ड तर यामाहाच्या १९८३ मधल्या डीएक्स-७ या गाजलेल्या वाद्यासारखा वाजतो. चांगली वही समोर ठेवून अक्षर सुधारतो ना, तसा हा कोड वाचायला द्यावा.

प्रश्न चौथा : आपले सूर त्यात वाजतील का?

हा प्रश्न परदेशी लेखांत फारसा नसतो, पण आपल्यासाठी कळीचा आहे.

मिडीमध्ये प्रत्येक पट्टीला एक क्रमांक असतो. ६९ क्रमांक म्हणजे ४४० हर्ट्झ, आणि तिथून सप्तकाचे बारा अगदी समान भाग. बहुतेक फ्रेमवर्कमध्ये आणि शिकवण्याच्या उदाहरणांत हेच सूत्र तयार दिलेलं असतं. आता आपला हिशेब पाहा. संगीताच्या पुस्तकांत सोयीसाठी सा २४० धरतात, तोच घेऊ.

• शुद्ध गंधार ५/४ या प्रमाणात : ३०० हर्ट्झ. समान भागांच्या सूत्राने : सुमारे ३०२.४ हर्ट्झ.
• पंचम ३/२ या प्रमाणात : ३६० हर्ट्झ. सूत्राने : सुमारे ३५९.६ हर्ट्झ.

पंचमाचा फरक किरकोळ, गंधाराचा मात्र कानाला कळतो. ३०० आणि ३०२.४ एकत्र वाजले तर सेकंदाला दोनाहून जास्त वेळा आवाज हेलकावतो. पेटीवर हाच आक्षेप होता. पक्के बांधलेले सूर आणि मींड नाही, अशा तक्रारींतून १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

मग उपाय काय? तयार सूत्र काढून तिथे बारा प्रमाणांचा स्वतःचा तक्ता ठेवायचा. कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये हे करता येतं, फक्त करायचं लक्षात हवं. सर्ज एक्सटीसारख्या सिंथेसायझरमध्ये सूरजुळणीच्या फाइलसुद्धा घालता येतात.

मींडेचं काय? साध्या मिडीत सूर वाकवला की त्या चॅनेलवरचे सगळेच सूर वाकतात. एका वेळी एकच सूर वाजवायचा तर तेवढं पुरतं. अनेक सूर धरून त्यातला एकच घसरवायचा असेल तर २०१८ मध्ये मान्य झालेली एमपीई पद्धत लागते, किंवा व्हीएसटी-३ आणि क्लॅप यांच्यात असलेली एकेका सुराच्या नियंत्रणाची सोय. अशा वाद्याचा बेत असेल तर निवडलेलं फ्रेमवर्क त्याला साथ देतं का, ते आधी तपासा.

प्रश्न पाचवा : अडल्यावर विचारायचं कुणाला?

मार्गदर्शक पानं, चालणारी उदाहरणं, प्रश्नांना मिळणारी उत्तरं. या बाबतीत जूस सगळ्यात पुढे, फाउस्टचीही पानं छान आहेत. सगळं इंग्रजीत आहे, हे मात्र खरं. मराठी माध्यमाच्या मुलासोबत कुणीतरी मोठ्याने बसून पहिली दोन-तीन पानं वाचली तर पुढचं ते स्वतः वाचतं.

५) उदाहरण सोडवून पाहू : तानपुरा

समजा मुलाला रियाजासाठी तानपुरा बनवायचाय. मिरजेचा खरा तानपुरा प्रत्येकाच्या घरी कुठून येणार? आपले प्रश्न लावू. वाजवणार कोण? गाणं शिकणारी मुलं, मोबाइलवर. भाषा? येत नाही. विकायचा? नाही. सूर? अचूक हवेत. उत्तर आलं : सुरुवात फाउस्टने ब्राउझरमध्ये. पुढे-मागे कलाकारांना द्यावासा वाटला तर तेच लिखाण जूसमध्ये नेता येईल.

आता भांड्यातल्या कामाकडे येऊ. छेडलेल्या तारेचा आवाज काढायची सोपी रीत केविन कारप्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडली. आकड्यांची एक रांग घ्यायची, तिच्यात वेडेवाकडे आकडे भरायचे, आणि रांग गोल फिरवत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढत राहायचं. आवाज तारेसारखा झणकारतो आणि हळूहळू विरतो. रांग जितकी लांब तितका सूर खाली.

सा २४० असेल तर रांग किती लांब? ४४,१०० ÷ २४० = १८३.७५. पण रांगेत पाऊण आकडा बसणार कसा! सरासरीमुळे अर्ध्या आकड्याचा उशीर आपोआप मिळतो. म्हणून १८३ ची रांग धरली तर एकूण १८३.५ होतात आणि सूर येतो सुमारे २४०.३३. आता खर्ज घ्या. १२० साठी हवेत ३६७.५. म्हणजे ३६७ ची रांग आणि अर्धा, अगदी बरोबर. झालं काय? खर्ज तंतोतंत, जोड मात्र तीळभर वर. खर्जाच्या आवाजात २४० चा स्वर दडलेला असतोच. तो आणि २४०.३३ मिळून साधारण तीन सेकंदांनी एक संथ हेलकावा येत राहतो. जाणकार कान लगेच म्हणेल, "तानपुरा नीट लागला नाही." हे दुरुस्त करायला दोन आकड्यांच्या मधली किंमत काढणारी युक्ती वापरावी लागते. त्यानंतर जवारीचं काम आहेच. घोडीवर दोरा सरकवून जो गुंजारव येतो, तो या साध्या रीतीत येत नाही.

आता बघा, यातलं कोणतं काम फ्रेमवर्कने केलं? एकही नाही. जूस घ्या नाहीतर आयप्लग, तो पाऊण आकडा मुलालाच सोडवायचाय. खरं शिक्षण तिथेच आहे. म्हणून निवडीत महिने घालवू नयेत आणि निवडीपायी आवाजाचं काम मागे पडू देऊ नये.

६) निवड चुकली तर?

घाबरायचं कारण नाही, फक्त एक पथ्य पाळायचं. आवाज तयार करणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि त्यात फ्रेमवर्कचं नावही येऊ द्यायचं नाही. तिथे फक्त आकडे आत, आकडे बाहेर. खिडकी, बटणं, फॉरमॅट हे दुसऱ्या फाइलमध्ये. उद्या साचा बदलला तरी भांड्यातला माल तोच राहतो. सर्जचंच पाहा. २०१८ मध्ये तो खुला झाला तेव्हा जूसवर नव्हता. पुढे स्वयंसेवकांनी तो जूसवर आणला आणि २०२२ मध्ये सर्ज एक्सटी म्हणून दिला. चालू वाद्याचा साचा बदलता येतो, हे त्यातून दिसतं.

७) पालक आणि शिक्षकांनी काय करावं?

• लगेच नवा लॅपटॉप घेऊ नका. पहिले दोन महिने ब्राउझरमध्ये जाऊ द्या.
• "किती झालं?" असं न विचारता "ऐकव बरं" म्हणा.
• मुलाला वरचे पाच प्रश्न वहीत लिहायला लावा. उत्तरं लिहिल्यावर अर्ध्या शंका मिटतात.
• जवळच्या संगीत शिक्षकांना एकदा ऐकवा. सूर लागला की नाही, हे कॉम्प्युटरवाल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.
• तिसरी-चौथीच्या वर्गात डब्यावर रबर ताणून छेडा, लांबी कमी-जास्त करा. रांग लांब तर सूर खाली, ही कल्पना तिथेच रुजते.

स्वाध्याय

१. मिक्सरच्या उदाहरणात होस्ट, प्लगिन, फॉरमॅट आणि फ्रेमवर्क म्हणजे काय काय?
२. गठ्ठा ५१२ आकड्यांचा असेल तर एका गठ्ठ्याला किती वेळ मिळतो?
३. पंचमाची तार १८० हर्ट्झला लावायची आहे. एकूण लांबी किती हवी? सरासरीचा अर्धा आकडा धरून पूर्ण आकड्यांच्या रांगेत ती बसते का?
४. तुमच्या शाळेसाठी एक वाद्य सुचवा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहून फ्रेमवर्क निवडा.

मुलांसोबत सोडवून बघा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय आलं, ते नक्की कळवा.